हिरवी चिठ्ठी मिळालेली रुग्ण: आपत्तीच्या रात्री समोर आलेले गळा दाबण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण अध्यापनासाठी रचलेले आहे. ते कोणा एका स्त्रीची हकीकत नाही. अपघात विभागात काम केलेल्या परिचारिकांना त्यातील बहुतेक टप्पे ओळखीचे वाटतील, आणि तसे वाटावे हाच ते रचण्यामागचा हेतू आहे. आपत्ती, आघात आणि घरातील हिंसा हे विषय अभ्यासक्रमात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात, परंतु रुग्ण मात्र ते वेगळे करून आपल्याकडे येत नाही. येथे ते तिन्ही एका रात्री एकाच खाटेवर आले.

दारावरची वर्गवारी

वादळात एका मोठ्या सभागृहाचे छप्पर कोसळले होते आणि तासाभरात जखमींच्या गाड्या एकामागोमाग येऊ लागल्या होत्या. रुग्णालयाने सामूहिक आपत्तीची योजना लागू केली होती. दारातच प्रत्येकाच्या गळ्यात लाल, पिवळी, हिरवी किंवा काळी चिठ्ठी अडकवली जात होती: लाल तातडीच्या उपचारांसाठी, पिवळी थोडा वेळ थांबू शकणाऱ्यांसाठी, हिरवी किरकोळ जखमींसाठी आणि काळी मृत किंवा वाचण्याची आशा नसलेल्यांसाठी. त्या गर्दीत ३२ वर्षांची एक महिला डावा हात पोटाशी धरून स्वतः चालत आली. सोबत पती आणि सहा वर्षांचा मुलगा होता. ती सभागृहात नव्हती. घराच्या ओल्या पायरीवरून पाय घसरून ती हातावर पडली, असे पतीने सांगितले आणि तिने मान हलवली. नाडी मिनिटाला ९६, श्वसन २०, रक्तदाब १३४/८६, ऑक्सिजनचे प्रमाण ९८ टक्के होते आणि सांगितलेली कृती ती करत होती. तिला हिरवी चिठ्ठी मिळाली.

हा निर्णय नियमाला धरून होता, हे आधी नमूद केले पाहिजे. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे अग्निशमन दल आणि होग रुग्णालय यांनी मिळून जी ‘स्टार्ट’ नावाची वर्गवारी तयार केली, तिच्यात चालू शकणाऱ्यांना सर्वांत आधी बाजूला काढले जाते. उरलेल्यांचे श्वसन मिनिटाला ३० च्या वर आहे का, मनगटाची नाडी लागते का आणि साधी सूचना पाळता येते का, एवढेच पाहिले जाते. एका रुग्णामागे मिनिटभराहून अधिक वेळ लागू नये यासाठीच ही पद्धत आहे, आणि लाल चिठ्ठीची माणसे तिच्यामुळेच वाचतात. मात्र ती फक्त त्या क्षणीची स्थिती सांगते. रुग्णाच्या शरीराला काय झाले आहे किंवा दोन तासांनी काय होईल, हे तिच्यात नसते. म्हणूनच वर्गवारी पुन्हा पुन्हा करायची असते, आणि हिरव्या विभागात नेमकी हीच दुसरी तपासणी राहून जाते, कारण तिथली माणसे बसलेली असतात, बोलत असतात आणि तक्रार करत नाहीत.

या प्रकरणात हिरव्या विभागाची जबाबदारी असलेल्या परिचारिकेने पाऊण तासाने सर्वांना पुन्हा पाहायला सुरुवात केली. पुढचे सारे त्या एका फेरीमुळे घडले.

हात आणि आवाज

एक्स-रेमध्ये कोपर आणि मनगट यांच्या मध्यावर करंगळीच्या बाजूचे हाड, म्हणजे अल्ना, मोडलेले दिसले. रेडियस हे दुसरे हाड शाबूत होते. पाय घसरून पसरलेल्या तळहातावर पडणाऱ्या माणसाचे बहुधा मनगटाजवळ रेडियस मोडते. अल्नाचा मधला भाग मोडतो तो मुख्यतः थेट घाव बसल्याने, आणि असा घाव डोके किंवा चेहरा वाचवण्यासाठी हात आडवा धरला असता बसतो. एवढ्यावरून हिंसा सिद्ध होत नाही. पायरीच्या कडेवर हात आपटूनही हे हाड मोडू शकते. परंतु सांगितलेली हकीकत आणि दिसणारी दुखापत यांचा मेळ बसत नसेल, तर परिचारिकेने थांबून पाहिले पाहिजे. केवळ शंकाच आहे म्हणून दुर्लक्ष करून पुढे जाणे, किंवा केवळ शंका आहे म्हणून निष्कर्ष काढणे, या दोन्ही गोष्टी तितक्याच घातक आहेत.

दुसरी खूण आवाजाची होती. ती घोगऱ्या आवाजात बोलत होती आणि पाण्याचा घोट गिळताना तिच्या भुवया आकसत होत्या. पती म्हणाला की वादळात सगळेच ओरडत होते, म्हणून घसा बसला आहे. त्या रात्री ते कोणालाही पटले असते.

तिसरी गोष्ट पतीची होती, आणि तिच्याविषयी सावधपणे लिहायला हवे. तो उद्धट नव्हता. त्याने दोन जखमींचे स्ट्रेचर उचलायला मदत केली होती आणि कर्मचाऱ्यांनी त्याचे आभारही मानले होते. पत्नीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मात्र तोच देत होता, आणि ती बोलण्याआधी त्याच्याकडे पाहत होती. हिंसा करणारा माणूस चारचौघांत तापट आणि असभ्यच दिसेल, या समजुतीमुळे किती स्त्रिया नजरेतून निसटत असतील, याचा विचार प्रत्येक विभागाने करावा असे मला वाटते. शिवाय मदत करणाऱ्या नातेवाइकाला कर्मचारी मोकळेपणाने माहिती देतात, आणि ती माहिती पुढे कशी वापरली जाईल हे त्यांना ठाऊक नसते.

ती स्वतः शांत होती. रडली नाही आणि वेदनेबद्दलही फारसे बोलली नाही. या शांतपणाचा अर्थ ‘फार काही झालेले नाही’ असा लावण्याची चूक जुनी आहे. परिचारिका असलेल्या अ‍ॅन बर्जेस आणि समाजशास्त्रज्ञ लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बॉस्टनमधील रुग्णालयात आलेल्या बलात्कारपीडित स्त्रियांचा अभ्यास १९७४ मध्ये मांडला. त्यात उघडपणे भावना व्यक्त करणाऱ्या आणि संयत, जवळजवळ निर्विकार दिसणाऱ्या स्त्रिया साधारण सारख्याच संख्येने आढळल्या होत्या. आघातानंतर भावना आत ओढून घेणे ही शरीर आणि मन यांची नेहमीची प्रतिक्रिया आहे. घरातील हिंसेत तर शांत राहणे हा पुढचा मार टाळण्यासाठी शिकलेला उपायही असतो.

एकटीशी बोलणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला सरसकट हिंसेविषयी विचारावे असे म्हटलेले नाही. दुखापत किंवा लक्षणे पाहून शंका येते तेव्हा विचारावे, आणि विचारण्यापूर्वी खाजगी जागा, प्रशिक्षित व्यक्ती आणि पुढे पाठवण्याची सोय असावी, असे ती सांगतात. यांपैकी खाजगी जागेबाबत तडजोड करता येत नाही. सोबत दुसरी स्त्री असली तरी ती पतीची बहीण किंवा आई असू शकते, म्हणून रुग्ण पूर्णपणे एकटी असल्याशिवाय विषय काढायचा नाही. कळत्या वयाचे मूल जवळ असतानाही नाही, कारण ते ऐकलेले घरी बोलून दाखवू शकते.

त्या रात्री रुग्णालयात मोकळी खोली नव्हती. परिचारिकेने प्लास्टरची खोली वापरली. प्लास्टर घालताना नातेवाइकांना बाहेर थांबवण्याची पद्धत होतीच, त्यामुळे पतीला वेगळे कारण सांगावे लागले नाही. मुलाजवळ एक सहकारी बसली. वेगळे करण्याची कृती नेहमीच्या कामाचा भाग वाटली पाहिजे, कारण पतीच्या मनात संशय आला तर त्याची किंमत घरी गेल्यावर स्त्रीला मोजावी लागते.

बोलण्याच्या सुरुवातीलाच परिचारिकेने गोपनीयतेची मर्यादा सांगितली: आपण बोलू ते उपचार करणाऱ्यांपलीकडे जाणार नाही, मात्र मुलाच्या जिवाला धोका असेल किंवा कायद्याने कळवणे बंधनकारक असेल, तर मला कळवावे लागेल आणि ते मी तुम्हाला आधी सांगेन. कळवण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, आणि आपल्या ठिकाणचा नियम परिचारिकेला तोंडपाठ असायला हवा. आधी बोलते करून मग ‘आता मला हे कळवावे लागेल’ असे सांगणे हा विश्वासघात ठरतो, आणि तिच्या आयुष्यात तो पहिला नसतो.

मग तिने विचारले, “ताई, अशी दुखापत घेऊन येणाऱ्या बायकांना आम्ही हे विचारतो, म्हणून तुम्हालाही विचारते. घरात कोणी तुम्हाला मारतं का, किंवा कोणाची भीती वाटते का?”

“नाही सिस्टर.”

परिचारिकेने ते उत्तर स्वीकारले. तिने पुन्हा तोच प्रश्न केला नाही आणि अविश्वासही दाखवला नाही. पहिल्यांदा विचारल्यावर नाही म्हणणे स्वाभाविक आहे. विचारणारी व्यक्ती कोण आहे आणि सांगितल्यावर काय होईल, हे जोखायला वेळ लागतो. ‘नाही’ म्हणूनही जिला नीट वागवले जाते, तिला पुढच्या वेळी सांगण्याची जागा दिसते. काही वेळ फक्त प्लास्टरचे काम चालले. हात किती उंच धरायचा, बोटांना मुंग्या आल्या किंवा ती निळसर दिसली तर लगेच यायचे, हे सांगून झाले. मग तिने थेट शरीराविषयी विचारले: “तुमचा आवाज बसलाय आणि गिळताना दुखतंय. गळ्यावर कोणाचा हात किंवा दाब आला होता का?”

या प्रश्नाला तिने उत्तर दिले. “हातावर मारलं ते आधी. मग गळा धरला. थोडा वेळ काही आठवत नाही. जाग आली तेव्हा कपडे ओले होते.” आणि मग, जणू परिचारिकेलाच धीर द्यावा तसे, ती म्हणाली, “पण गळ्याला काही झालं नाही. खूणसुद्धा नाही.”

परिचारिकेचे उत्तर थोडक्यात होते: तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, यात तुमची चूक नाही, आणि गळ्याचं मला आत्ता डॉक्टरांना सांगावं लागेल, कारण खूण नसली तरी आतून इजा झालेली असू शकते. ‘आधी का नाही सांगितलं’, ‘तुम्ही त्याला काय म्हणालात’, ‘सोडून का जात नाही’ यांपैकी एकही वाक्य तिच्या तोंडून निघाले नाही.

खूण नसलेला गळा

या प्रकरणाचा वैद्यकीय गाभा इथे आहे, आणि हिरव्या चिठ्ठीचा अर्थ इथे बदलतो. न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत दिलेल्या आकड्यांनुसार मानेतील शिरा बंद व्हायला साधारण २ किलोचा दाब पुरतो, मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला सुमारे ५ किलो, तर श्वासनलिकेला १५ किलोच्या आसपास दाब लागतो. म्हणजे श्वास कोंडण्याच्या बरेच आधी मेंदूचा रक्तपुरवठा थांबू शकतो, आणि मग सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढा दाब हाताच्या पंज्याने सहज पडतो आणि त्वचेवर काहीच उमटत नाही. सॅन दिएगो शहरातील गळा दाबण्याच्या ३०० प्रकरणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या प्रकरणांत बाहेरून एकही खूण नव्हती, आणि आणखी ३५ टक्क्यांत ती छायाचित्रात येण्याइतकी ठळक नव्हती.

कपडे ओले होणे हे तिने लाजत सांगितले होते. वैद्यकीयदृष्ट्या तिच्या साऱ्या बोलण्यात तीच सर्वांत गंभीर गोष्ट होती, कारण लघवीवरचा ताबा सुटणे हे मेंदूला रक्त कमी पडल्याचे लक्षण आहे. काही वेळ न आठवणे हेही तसेच. अशा रुग्णांना घटनाक्रम तुटक आठवतो आणि त्या दर वेळी थोडा वेगळा सांगतात. त्यांना खोटे ठरवण्यापूर्वी मेंदू त्या वेळी रक्ताविना होता हे ध्यानात ठेवले पाहिजे. गळा दाबल्यानंतर काही रुग्ण अस्वस्थ, चिडखोर किंवा नशेत असल्यासारखे वागतात. तेही प्राणवायू कमी पडल्यामुळे असू शकते.

परिचारिकेने तिची चिठ्ठी बदलून पिवळी केली आणि डॉक्टरांना पाच वाक्यांत सांगितले: हाताने गळा दाबला गेला, शुद्ध हरपली, लघवी झाली, आवाज बसला आहे, गिळताना दुखते. गर्दीच्या रात्री अशी नेमकी भाषा उपयोगी पडते. ‘घरगुती भांडण आहे, जरा बघता का’ असे म्हटले असते, तर तिला आणखी दोन तास थांबावे लागले असते. मग तपासणी झाली. पापण्यांच्या आत, कानांमागे, तोंडातल्या टाळूवर आणि केसांखाली रक्ताचे बारीक ठिपके शोधले. कानामागे काही ठिपके सापडले. मान हलक्या हाताने तपासली, त्वचेखाली हवा शिरल्याची करकर नाही हे पाहिले. बोलणे, चेहऱ्याची समानता, हातापायांची ताकद आणि डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. ती गरोदर असण्याची शक्यता विचारली आणि चाचणी केली, ती नकारात्मक आली.

शुद्ध हरपणे, ताबा सुटणे आणि आवाज बदलणे, ही लक्षणे असताना मानेतील धमन्यांची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, करावी, कारण धमनीचे आतले अस्तर फाटले असेल तर तिथे गुठळी धरून काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनीही, पक्षाघात होऊ शकतो. अस्तर फाटल्याचे थोड्याच रुग्णांत आढळते, परंतु जिच्यात ते निसटते ती चाळिशीच्या आत कायमची अपंग होऊ शकते. या रुग्णाच्या धमन्या निर्दोष निघाल्या. कान-नाक-घसा तज्ज्ञांना स्वरयंत्रावर सूज आणि थोडे रक्त साकळलेले दिसले. सूज वाढून श्वासमार्ग अरुंद होण्याचा धोका होता, म्हणून तिला रात्रभर निरीक्षणाखाली ठेवले. दर अर्ध्या तासाने श्वासाचा आवाज, ऑक्सिजन, आवाजातला बदल आणि ग्लासगो मापन, म्हणजे शुद्धीची पातळी, यांची नोंद झाली, डोक्याची बाजू उंच ठेवली गेली, आणि श्वासनलिकेत नळी घालण्याचे साहित्य खाटेजवळ आणून ठेवले गेले.

सीटीचा अहवाल चांगला आल्यावर एका सहकाऱ्याने ‘म्हणजे काही नाही’ असे म्हटले. अहवाल धमन्यांविषयी होता. घडलेल्या कृत्याविषयी किंवा पुढच्या धोक्याविषयी त्यातून काहीच कळत नाही, आणि हा फरक विभागातील प्रत्येकाला माहीत असायला हवा.

पतीला काय सांगायचे, हे परिचारिकेने रुग्णालाच विचारले. “पडताना मान दुखावली आहे का ते बघायचं आहे, असं सांगा,” असे ती म्हणाली. तेच शब्द सर्वांनी वापरले. मान तपासायची होतीच, त्यामुळे ते खोटेही नव्हते, आणि काय उघड करायचे हे तिने ठरवले होते. मुलाला तिच्याच खाटेजवळ झोपू देण्यात आले. मुलाला काही विचारले गेले नाही. त्याच्या सुरक्षिततेविषयी आईशीच बोलले गेले.

धोक्याचे मोजमाप

पहाटे गर्दी ओसरल्यावर वैद्यकीय समाजसेविका आणि परिचारिका यांनी तिच्याबरोबर धोक्याचा आढावा घेतला. यासाठी त्यांनी जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिकेने १९८५ मध्ये तयार केलेली प्रश्नावली वापरली. सध्याच्या स्वरूपात तिच्यात २० प्रश्न आहेत आणि आधी एक दिनदर्शिका समोर ठेवून गेल्या वर्षभरातील हिंसेचे दिवस रुग्णाकडूनच खुणा करून घेतले जातात. ही दिनदर्शिका मला प्रश्नांइतकीच मोलाची वाटते. ‘कधीतरी होतं’ असे म्हणणारी स्त्री स्वतःच्या हाताने खुणा करू लागते आणि त्या जवळ जवळ येत चालल्या आहेत हे तिला स्वतःला दिसते. कोणी सांगून ते तसे कळत नाही.

तिच्या दिनदर्शिकेवर याआधी दोन वेळा गळा दाबल्याच्या खुणा आल्या. थपडेपेक्षा ते कमी गंभीर आहे असे ती समजत होती, कारण थपडेचा वळ दिसतो. जिचा पूर्वी गळा दाबला गेला आहे अशा स्त्रीची त्याच जोडीदाराकडून हत्या होण्याची शक्यता सातपटींहून अधिक असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले आहे. हे तिला सांगावे का, असा प्रश्न पडू शकतो. सांगितलेच पाहिजे असे माझे मत आहे, मात्र घाबरवून निर्णय घडवण्यासाठी नव्हे. आपल्या जिवाविषयीची माहिती मिळणे हा तिचा हक्क आहे. परिचारिकेने ते साध्या शब्दांत सांगितले आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

स्वतःचे जीवन संपवण्याचे विचार येतात का, हेही विचारले गेले. कधी कधी येतात, पण मुलामुळे पुढे जात नाही, असे ती म्हणाली. काही ठरवलेले नव्हते. ही नोंद केसपेपरवर गेली आणि मानसिक आरोग्य पथकाला त्याच दिवशी कळवले गेले.

वादळामुळे सगळे ताणात होते, म्हणून असे झाले, असा तिचा स्वतःचा खुलासा होता. आपत्तीनंतर घरातील हिंसा वाढल्याचे अनेक ठिकाणी दिसून आले आहे, आणि बंद रस्ते, तुटलेले फोन व पांगलेले शेजारी यांमुळे मदत दूर जाते हेही खरे आहे. पण आधीच्या दोन्ही वेळी वादळ नव्हते. परिचारिकेने तिच्याशी वाद घातला नाही. दिनदर्शिका तिच्यासमोरच होती.

यादीतले नाव

आता कुठे जायचे, हा प्रश्न आपत्तीने अवघड केला होता. स्त्रियांच्या निवारागृहाचा रस्ता पाण्याखाली होता. बहीण दुसऱ्या गावी होती. घर शाबूत होते, पण तिथे पती होता. उरली होती मदत छावणी.

छावणीत येणाऱ्यांची नावे फलकावर लावली जातात, ताटातूट झालेल्या कुटुंबांना एकत्र आणण्यासाठी चौकशी कक्ष असतो, आणि तिथले स्वयंसेवक ‘माझी बायको आणि मुलगा इथे आहेत का’ असे काळजीने विचारणाऱ्या माणसाला आनंदाने मदत करतात. हजारांसाठी ती यंत्रणा वरदान असते, आणि या स्त्रीसाठी तीच माग काढण्याचे साधन ठरू शकली असती. समाजसेविकेने छावणीच्या आरोग्य केंद्राशी बोलून तिचे नाव फलकावर न लावण्याची व्यवस्था केली. रुग्णालयाच्या चौकशी कक्षालाही सूचना गेली, की कोणत्याही रुग्णाच्या पुढच्या ठिकाणाविषयी फोनवर किंवा खिडकीवर काही सांगायचे नाही. सूचना सर्व रुग्णांसाठी सारखी होती. फक्त एका नावाविषयी ‘सांगता येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्या उत्तरातूनच शोधणाऱ्याला हवे ते कळते.

छावणीची जागाही पाहिली गेली. मानवतावादी मदतीच्या स्फिअर मानकांनुसार दर माणशी किमान ३.५ चौरस मीटर छताखालची जागा, स्त्रियांसाठी वेगळी व उजेड असलेली आणि आतून कडी लागणारी शौचालये असावीत. सोयीच्या यादीतील ही कलमे प्रत्यक्षात सुरक्षिततेची असतात, हे रात्री अंधारात शौचालयाकडे जाणाऱ्या स्त्रीला सांगावे लागत नाही.

निर्णय तिचा होता. पोलिसांत तक्रार तिला त्या वेळी नको होती. तसे केल्यास काय होईल आणि नंतरही करता येईल का, हे तिला समजावून सांगितले गेले. दोन दिवस छावणीत राहायचे आणि रस्ता सुटल्यावर बहिणीकडे जायचे, असे तिने ठरवले. बहिणीशी फोनवर एक साधे वाक्य ठरवून ठेवले, जे ऐकताच बहिणीने मदत मागवायची. भांडण सुरू झाले तर स्वयंपाकघरात किंवा एकच दार असलेल्या खोलीत थांबायचे नाही, मुलाने मध्ये पडायचे नाही, कागदपत्रांच्या प्रती बहिणीकडे ठेवायच्या, हे तिच्याशी बोलून ठरले. मदतवाहिनीचा क्रमांक तिने कागदावर घेतला नाही, पाठ केला.

नोंदी

केसपेपरवर तिचे शब्द अवतरणचिन्हांत लिहिले गेले. ‘रुग्णाचा आरोप आहे’ किंवा ‘रुग्णाचा दावा आहे’ असे लिहिले नाही, ‘रुग्ण सांगते’ असे लिहिले, कारण पहिल्या दोन शब्दांत लिहिणाऱ्याचा अविश्वास डोकावतो आणि वर्षांनंतर न्यायालयात तोच वाचला जातो. शरीराच्या आकृतीवर प्रत्येक जखमेची जागा, आकार आणि रंग नोंदवला. रंगावरून जखमेचे वय लिहिले नाही, कारण तो अंदाज विश्वासार्ह नसतो. छायाचित्रे तिच्या लेखी संमतीने, मोजपट्टी ठेवून घेतली. जिथे खूण नव्हती तिथे ‘बाहेरून खूण दिसत नाही’ असे लिहून त्याच ओळीत आवाज, गिळणे, ताबा सुटणे आणि कानामागचे ठिपके यांची नोंद केली. घरी नेण्याच्या कागदावर मात्र फक्त हाताचे निदान आणि मानेच्या दुखण्याची काळजी एवढेच होते. श्वास घ्यायला त्रास, बोलताना अडखळणे, एका बाजूचा अशक्तपणा, नजर जाणे किंवा तीव्र डोकेदुखी झाल्यास तातडीने यावे, हे त्यात ठळक होते. ती सूचना मान दुखावलेल्या कोणालाही देता येते, म्हणून घरात कोणाच्या हाती पडली तरी तिला धोका नव्हता.

प्लास्टरच्या भेटी

हातावरचे प्लास्टर सुमारे सहा आठवडे राहणार होते. त्याची तपासणी हे रुग्णालयात येण्याचे असे कारण होते, ज्यावर कोणी आक्षेप घेणार नव्हते. सगळा पाठपुरावा त्या भेटींभोवती बांधला गेला आणि शक्य तितक्या वेळा तीच परिचारिका हजर राहिली.

पहिल्या आठवड्यात ती बहिणीकडे होती. आवाज सुधारला होता, पण झोप लागत नव्हती आणि मागून कोणी आले की अंग आकसत होते. परिचारिकेने घटनेचा तपशील पुन्हा विचारला नाही. आघातानंतर लगेच सारे काही बोलून घेण्याची पद्धत एके काळी सर्वत्र होती. एकाच बैठकीतल्या तशा सक्तीच्या उजळणीने पुढचा आजार टळत नाही, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. झोपेसाठी बेंझोडायझेपाइन या शामक गटातील गोळ्याही दिल्या नाहीत. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात ताणाच्या लक्षणांसाठी त्या देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ही लक्षणे का होतात, बहुतेकांत ती आठवड्यांनी कमी कशी होतात, आणि मुलाच्या शाळेची वेळ धरून दिवस कसा बांधायचा, एवढेच बोलणे झाले. जेराल्ड कॅप्लन यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या विचारानुसार तीव्र संकटाचा काळ साधारण चार ते सहा आठवडे चालतो, आणि त्या काळात माणूस मदत स्वीकारायला एरवीपेक्षा अधिक तयार असतो. प्लास्टरचा काळही तेवढाच होता.

तिसऱ्या आठवड्यात ती पतीकडे परत गेली.

विभागात काहींना हे लागले. एवढे करूनही परत गेली, असे बोलले गेले. ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे, पण ती रुग्णापर्यंत पोहोचली तर पुढच्या वेळी ती येणार नाही. अमेरिकेतील ११ शहरांच्या २००३ च्या अभ्यासात नियंत्रण ठेवणाऱ्या जोडीदारापासून वेगळे होण्याच्या काळात हत्येचा धोका वाढलेला दिसला होता. कधी निघायचे आणि कधी थांबायचे याचा हिशेब ती स्त्री दररोज करत असते, आणि त्यातली बरीच माहिती फक्त तिच्याकडे असते. त्या भेटीत परिचारिकेने विचारले, “घरी गेल्यावर ठरवलेल्या गोष्टींत काही बदलावं लागलं का?” बदलावे लागले होते. शेजारीण गाव सोडून गेली होती, म्हणून मुलाने पळून जायचे ठिकाण नव्याने ठरवले. गळ्याला पुन्हा हात लागला का, हे दर भेटीत स्वतंत्रपणे विचारले जाऊ लागले. लागला नव्हता.

सहाव्या आठवड्यात प्लास्टर काढले. दचकणे, वाईट स्वप्ने आणि घराच्या त्या पायरीकडे जाणे टाळणे महिन्याहून अधिक टिकले होते, म्हणून आघातोत्तर ताणविकारासाठी तिचे मूल्यमापन झाले आणि आघातकेंद्रित मानसोपचार सुचवले गेले. प्लास्टरबरोबर येण्याचे कारणही संपले होते. मनगट आणि कोपर आखडले होते, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी फिजिओथेरपी लिहून दिली, आठवड्यातून दोनदा. फिजिओथेरपी विभाग आणि समुपदेशकाची खोली एकाच मजल्यावर आहेत. दोन्ही वेळा लागोपाठ घेतल्या गेल्या आणि भेटीच्या कागदावर फक्त हाताच्या व्यायामाची वेळ लिहिली गेली. पहिल्या भेटीला ती मुलाला शाळेत सोडून एकटी आली, आणि तक्रार नोंदवायची ठरवली तर त्या रात्रीच्या नोंदींची प्रत कशी मिळते, हे तिने स्वतःहून विचारले.